परत आलेलं वाण

करामा, दुबई
शुक्रवार, १८ जानेवारी २००२

सिद्धांत,

आशीर्वाद राग गेल्यावर लिहीन. आत्ता लिहिला तर खोटा होईल.

परवा बाबांनी फोनवर जो आरडाओरडा केला तो मला आवडला असं समजू नकोस. पण तू मध्येच फोन ठेवलास तेही आवडलेलं नाही. त्यानंतर मी लावला तर तुझा घरमालक म्हणतो, रूमवर नाहीत. रूमवर नाहीत काय, नाही म्हणून सांगा असं तूच सांगितलं असणार, मी काय आज ओळखते तुला? मग म्हटलं पत्रच लिहावं. शिवाय आपला फोन हॉलमध्ये सोफ्याशेजारी, आणि बाबा हल्ली ऑफिसमधून आले की त्या सोफ्यावरून हलत नाहीत. आज सुट्टी, जेवून आडवे झालेत, म्हणून डायनिंग टेबलवर बसून लिहितेय.

झालं काय ते माझ्याकडून ऐक. बाबांच्या ओरडण्यातून तुला निम्मंही कळलं नसेल.

नीरवच्या मावशीबरोबर तू कॅसेटचा खोका पाठवलास. वर तुझा फोटो, टोपी उलटी, दाढी वाढलेली, आणि नाव 'रिटर्न तिकीट'. इंजिनिअरिंगचा अभ्यास सोडून तू आणि नीरव वर्षभर त्या गॅरेजमधल्या स्टुडिओत काय करताय ते शेवटी हातात आलं. मी पहिलं गाणं लावलं. 'तिकीट परतीचं खिशात, आई, पण घर सांग कुठं,' एवढं मराठीत आलं आणि मी ओट्याला टेकून रडले. हे तुला सांगणार नव्हते. मधलं इंग्रजी मला कळलं नाही. बँकेतलं इंग्रजी मला कळतं, तुझ्या शाळेतल्या मिसचंही कळायचं. जिभेला चटका बसल्यासारखं बोललेलं इंग्रजी कसं कळणार? मला वाटलं, मराठीत आहे तेच इंग्रजीतही असेल. शाळेची नोटीस तू मला अशीच सांगायचास, आधी इंग्रजीत आणि मग मराठीत. पुढची गाणी ऐकलीच नाहीत.

तेवढ्यात संक्रांत आली. दरवर्षी तेच प्लास्टिकचे डबे नाहीतर गाळण्या. म्हटलं यंदा वाण म्हणून माझ्या मुलाचा पहिला अल्बम लुटायचा. गुलाबी जिलेटिन आणलं, प्रत्येक कॅसेटबरोबर तिळगुळाची डबी आणि हळकुंड बांधलं, आणि मंडळातल्या झाडून सगळ्या बायकांना बोलावलं. प्रत्येकीच्या हातात माझ्या मुलाचा फोटो. मी इतकी मिरवले की विचारू नकोस. मोकाशी साहेबांच्या लतिकावहिनी आल्या होत्या. त्यांना तर गाडीत लावा म्हणून सांगितलं मी.

लक्षात येतंय ना? ज्यांच्या कंपनीत बाबा इतकी वर्षं ॲडमिन सांभाळतात, ज्यांच्या सहीवर आपण सगळे या देशात आहोत, त्यांच्या घरात तुझं गाणं मी स्वतःच्या हाताने नेऊन ठेवलं. तेही कुंकू लावून.

त्यांची अस्मी आपल्या आभाच्याच वर्गात. तिने गाडीत ऐकलं आणि जेवताना वडिलांना सांगितलं की पपा, तिसरं गाणं आभाच्या बाबांवर आहे. 'चावी'. लेबरचे पासपोर्ट कंपनीच्या कपाटात आणि कपाटाची चावी माझ्या बापाच्या खिशात, असं काहीतरी. झालं. साहेबांनी बाबांना केबिनमध्ये बोलावलं. काय बोलले ते बाबा सांगत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा ड्रायव्हर खैरुद्दीन दारात. हातात पिशवी. त्यात ते गुलाबी जिलेटिन, तिळगुळाची डबी, हळकुंडसुद्धा. वाण परत पाठवलं रे त्यांनी. कुणी वाण विसरतं, कुणी मोलकरणीला देऊन टाकतं, पण परत पाठवलेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं. दार लावून मी तिथेच चपलांच्या कपाटावर बसले. मग उघडून बघितलं तर कॅसेटचं नुसतं कव्हर, आत कॅसेटच नाही. म्हटलं, आता काय कॅसेटचं लोणचं घालणार आहेत?

आता नीट वाच. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तू सुट्टी संपवून पुण्याला परत गेलास. सहा महिने बाहेर राहिलास की व्हिसा खलास, म्हणजे मार्चअखेर. तू उतरलास तरी रिन्यूअलला साहेबांची सही लागतेच. तू इथे जन्मलास, ऊद मेथाच्या शाळेत वाढलास, पण या घरात पुन्हा राहायला यायचं तर ती सही पाहिजे. तेव्हा सॉरी म्हण. दोन ओळी लिही. तुला दोन भाषांत एवढं बोलता येतं, एका भाषेत माफी मागता येत नाही?

आई


बुधवार, ३० जानेवारी २००२

सिद्धांत,

तुझी ईमेल आभाने वाचून दाखवली. आईच्या एवढ्या मोठ्या पत्राला एक ओळ, तीही इंग्रजीत, तीही बहिणीच्या तोंडून. यातलं खोटं काय आहे ते सांग, म्हणे. खरंखोटं करायला मी कोर्टात बसलेय का? मी घरात बसलेय आणि घर हलतंय.

हे दोन आठवडे मी काय केलं ते ऐक आणि हस. बाबा म्हणाले, सगळ्या कॅसेट परत आण. वाण परत आणायचं! मी म्हटलं, तुम्ही जा मागायला. शेवटी मीच निघाले. प्रत्येकीला सांगितलं की कॅसेटमध्ये फॉल्ट आहे, बदलून देते. काहींनी इतक्या चटकन काढून दिली की मला कळलं, यांना कळलंय. एकीने अल ऐनला मुलीकडे पाठवली. एकीचा छोटा मुलगा वेद त्यावर नाचतो, तो देईना. मी त्याच्या हातातून ओढून घेणार होते, खरंच. हेमाने मात्र मला आत नेऊन बसवलं, माझा हात हातात घेतला आणि हॉस्पिटलमध्ये बोलतात तसल्या आवाजात विचारलं, "सुहासिनी, तिसरं गाणं तू ऐकलंस का गं?" मी म्हटलं, ऐकलंय. ऐकलं नव्हतं. कॅसेट घेतली आणि निघाले.

साहेबांनी मार्ग काढलाय. सोबत एक कागद आहे, ऑफिसात टाइप केलेला. गाणं काल्पनिक आहे, कुठल्याही कंपनीशी त्याचा संबंध नाही, आणि पुढच्या लॉटमध्ये ते असणार नाही, एवढंच. खाली सही करून कुरिअर कर. बाबांनी पत्ता घालून पाकीटही दिलंय. तुझ्या पोटच्या गाण्याला कुणी मारत नाहीये, बाकीची सात गाणी आहेत ना? त्या मोलकरणीवरचं आहे, पुण्याची मुलं तुला 'दुबईवाला' म्हणतात ते आहे. आभा म्हणते, तेही छान आहे. ती सगळी राहू देत.

बाबांची तब्येत ठीक आहे. बीपीचं आभाने तुला लिहिलं असेल तर ते तेवढं खरं नाही. आभाची परीक्षा मार्चमध्ये, दहावीची, तिला घरातल्या या असल्या हवेत अभ्यास करायचाय हे लक्षात घे. आभा कागद आणि बाबा यांच्यामधून पाय न वाजवता चालते हल्ली.

सही कर. मार्चच्या आत ये. मला तुझी खोली झाडून ठेवायची आहे, पण आधी ठेवली तर अपशकुन होईल असं वाटतं, म्हणून हात लावला नाही.

आई


शुक्रवार, १५ फेब्रुवारी २००२

सिद्धांत,

कागद आला नाही. मी रोज बाबांना विचारते, ते रोज मान हलवतात.

मग मी आभाला म्हटलं, बस इथे आणि तिसरं गाणं मला मराठीत सांग. ती म्हणाली, "मम्मा, लीव्ह इट." मी म्हटलं, लीव्ह बिव्ह काही नाही. टेपरेकॉर्डर मध्ये ठेवला. ती एक ओळ लावायची, बंद करायची आणि जमेल तसं सांगायची. मध्ये एकदा थांबली आणि म्हणाली की इथे आवाज क्लिअर नाही. ती खोटं बोलली की नाक ओढते, तुला माहीत आहे. मी म्हटलं, क्लिअर कर.

तर महादू. मला वाटलं होतं, तू विसरला असशील.

महादू सुतार, सावंतवाडीकडचा, कंपनीत शटरिंगचं काम करायचा आणि मंडळाच्या गणपतीचं मखर दरवर्षी तोच उभारायचा. म्हणून त्याला आपलं घर ठाऊक. नाहीतर लेबर कॅम्पमधला माणूस कशाला ॲडमिनच्या घरी येईल? अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात एका शुक्रवारी आला, वडील अंथरुणाला खिळलेत, बोलावणं आलंय, साहेब पासपोर्ट द्या म्हणाला. बाबा त्याला म्हणाले, "बिल्डिंगचा हँडओव्हर झाला की बघू, इन्शाल्ला." तू त्याला पाणी नेऊन दिलंस. तो गावी गेला दिवाळीनंतर. वडील श्रावणातच गेले होते. परत तो आला नाही. हे सगळं तू गाण्यात घातलंस, ठीक आहे.

पण त्याच्या आधी आईने सोफ्यावर जुनी चादर टाकली आणि मग त्याला बसायला सांगितलं, हे कशाला घातलंस? चादर टाकली, हो, टाकली! नवीन सोफा होता, त्याच्या पँटला सिमेंट होतं. तू फुटबॉल खेळून यायचास तेव्हा तुलाही जमिनीवर बसवायचे मी. त्याला सोफ्यावर तर बसवलं. चहा दिला, चकली दिली. चकलीवर नाही रे झालं गाणं. चादरीवर बरं झालं!



आणखी एक. मी लतिकावहिनींना उगाच बोलले. कॅसेट त्यांनी नाही ठेवली. काल बसस्टॉपवर खैरुद्दीन भेटला, तर खाली बघून म्हणतो, "भाभी, वो मेरे पास है, माफ करना." पिशवी द्यायला येताना गाडीत ऐकली, आवडली, काढून घेतली. त्याला ना मराठी कळत, ना इंग्रजी. मी विचारलं, मग आवडलं काय? म्हणाला, आपल्या ॲडमिनच्या साहेबांच्या मुलाचा आवाज आहे म्हणून लावली, पण कॅम्पात कोल्हापूरचा एक मुलगा आहे, त्याने सगळं हिंदीत सांगितलं. आता सोनापूरच्या त्यांच्या कॅम्पात तिच्या कॉप्या झाल्यात. सकाळी साइटवर जाताना बसमध्ये लावतात. बिहारी, मल्याळी, पठाण, सगळे ते मराठी कडवं म्हणतात. 'घर सांग कुठं.' माझ्या अंगावर काटा आला. अभिमानाने आला की भीतीने, ते मला नाही सांगता येत.

साहेबांना वाटतंय, कॅम्पात कॅसेट बाबांनी वाटली. बाबांनी! ते मुकाट्याने ऐकून आले. रॅप म्हणजे काय हे त्यांनी मला त्या रात्री पहिल्यांदा विचारलं. मी म्हटलं, तालात रागावणं. ते म्हणाले, मग ते तू रोजच करतेस.

आई


शुक्रवार, ८ मार्च २००२

सिद्धांत,

तुझं 'नो' मिळालं. निदान या वेळी मराठीत दोन वाक्यं होती, चुकांसकट. मी महादूकडून सही करू शकत नाही, असं लिहिलंयस. बरं. तुझा बाप साध्या वर्तमानपत्रवाल्याशीही भांडत नाही, आणि तू हा असा. माझ्यावर गेलास म्हणायचं.

पाडव्याला संध्याकाळी पुण्यात अल्बमचं रीतसर प्रकाशन आहे, हॉल घेतलाय, तू चौदा पोरांच्या बँडबरोबर स्टेजवर असशील, आणि पहिल्या रांगेत माझी खुर्ची ठेवतोयस, हे वाचून मी काय केलं सांगू? कपाटातून ती मोरपंखी साडी काढली. कितीतरी वेळ तशीच मांडीवर घेऊन बसले. तुझ्यावरचा राग आहे तिथेच आहे. पण तू येणार नाहीस म्हटल्यावर मी तरी यायला नको का? पोरगा स्टेजवर उभा राहणार आणि आई इथे करामात मटकी निवडणार, हे मला नाही जमायचं. आभाची परीक्षा एप्रिलच्या सुरुवातीला संपते. मग मी रिकामी.

तर संध्याकाळी बाबांना म्हटलं, माझा पासपोर्ट आणा, तिकीट काढायचंय.

तुला माहीत आहे ना, आपलेही तिघांचे पासपोर्ट त्याच कपाटात आहेत. तुझा तेवढा तुझ्याजवळ. घरात चोरी होते, पाणी गळतं, तिथे सेफ राहतात, म्हणून बाबांनीच पहिल्या वर्षी नेऊन ठेवले. मला त्यात कधी काही वाटलं नाही. दर सुट्टीला आठ दिवस आधी सांगायचं, मग ते आणायचे. त्यांच्या पँटच्या उजव्या खिशात ती चावी असते, धुवायला टाकताना मीच काढून ठेवते.

बाबा टीव्ही बघत होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "साहेबांना विचारावं लागेल. हँडओव्हर होऊ दे, बघू. इन्शाल्ला."

 टीव्हीवर कुणीतरी हसत होतं. ते काय बोलले ते त्यांनाही ऐकू आलं असणार, कारण त्यांनी रिमोट उचलला, खाली ठेवला, परत उचलला. मी आत गेले आणि पोळ्या लाटायला घेतल्या. त्या दिवशी कणीक इतकी तिंबली की आभा विचारायला आली, मम्मा, आर यू ओके?

नाही, मी ओके नाहीये. चावी त्या माणसाच्या खिशात होती रे. माझ्यापासून दोन हातांवर.

आई


शुक्रवार, २९ मार्च २००२

सिद्धांत,

परवा तुझा व्हिसा संपतो. सोमवारी सकाळी मी उठेन तेव्हा तू या देशाचा कुणीच नसशील. पाहुणा म्हणून यायचं झालं तरी कुणाची तरी सही लागेल. तुझी खोली मी शेवटी झाडली. कशासाठी झाडली ते विचारू नकोस, हात रिकामे राहवत नव्हते.

मी लतिकावहिनींकडे जाऊन आले. बाबांना सांगितलं नाही. टॅक्सी करून त्यांच्या जुमेराच्या व्हिलावर गेले. साजिदाने, त्यांच्या कामवालीने, हॉलमध्ये बसवलं. वहिनी बऱ्याच वेळाने आल्या. वाईट नाही वागल्या. तब्येत विचारली, आभाची परीक्षा विचारली, वाण परत केलं त्याचा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही नाही. मी म्हटलं, वहिनी, मला पाडव्याला पुण्याला जायचंय, तेवढं साहेबांना सांगा. तर हसून म्हणाल्या, "अगं, त्यात काय? सिद्धांतची सही आली की दुसऱ्या दिवशी पासपोर्ट घे."

मी चहा संपवला. उठताना लक्षात आलं की एवढा वेळ मी सोफ्याच्या काठावर बसले होते, अर्धी बाहेर. पाठ टेकलीच नव्हती. साजिदा दार उघडायला आली तेव्हा मला तिच्याकडे बघवेना.

येताना टॅक्सीत मी विचार केला. तुला फोन करायचा, रडायचं, आईच्या पासपोर्टसाठी सही कर म्हणायचं. तू केली असतीस. मला खात्री आहे, तू माझ्यासाठी केली असतीस, आणि आयुष्यभर मला काही बोलला नसतास. म्हणूनच लिहितेय. सही करू नकोस. आधीच्या पत्रांत मी जे काही लिहिलं ते राहू दे तसंच, पण सही करू नकोस. माझ्या नावावर तर नाहीच. कुणी माझं नाव घालून तुला फोन केला, कागद पाठवला, तरी करायची नाही. अगदी बाबांनी केला तरी.

चादरीबद्दल माझं मत बदललेलं नाही. नवीन सोफा होता.

काल संध्याकाळी बाबा चहा घेत होते, तेव्हा मी हॉलमधल्या मोठ्या सिस्टिमवर तिसरं गाणं लावलं. आवाज मोठा केला. वाटलं, उठून बंद करतील. बंद केलं नाही. कप हातात धरून अख्खं गाणं ऐकलं. एका ठिकाणी आभाला विचारलं, हा शब्द काय आहे? ती घाबरत म्हणाली, "जेलर, बाबा." त्यांनी मान हलवली, जशी पगाराच्या मीटिंगमध्ये हलवत असतील. मग खिशातून चाव्यांचा जुडगा काढून टीपॉयवर ठेवला आणि नुसते बघत बसले. गाणं संपलं, पुढचं लागलं, तेही संपलं. चहा तसाच राहिला.

 गेले तीन आठवडे मी त्यांच्याशी बोलतच नाहीये. ताट वाढते आणि आत जाते. इतकी वर्षं संसार करून हे मला जमेल असं वाटलं नव्हतं.

आज सकाळी चावी टीपॉयवर नव्हती. घेऊन गेले असतील. शुक्रवार असूनही कुठेतरी गेलेत.

आई


रविवार, ७ एप्रिल २००२

सिद्धांत,

हे पत्र टपालाने वेळेत पोचणार नाही म्हणून हेमाचा भाऊ उद्या पुण्याला जातोय त्याच्या हाती देतेय. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू काही बोलशील, मी काही बोलेन, आणि जे सांगायचंय ते राहील.

त्या शुक्रवारी बाबा ऑफिसला गेले होते. सुट्टी, ऑफिस रिकामं. त्यांनी कपाट उघडलं. आपले तिघांचे पासपोर्ट काढले. मग म्हणे तिथेच खुर्चीवर बसून राहिले. आणि मग सोनापूरला फोन करून ज्यांचे ज्यांचे रजेचे अर्ज पडून होते त्यांना बोलावून घेतलं. खैरुद्दीन गाडी घेऊन आला, त्याला कुणी सांगितलं देव जाणे. ज्याचा त्याचा पासपोर्ट ज्याच्या त्याच्या हातात दिला, एकेकाला नाव विचारून, फोटो बघून, अगदी नियमाने. हे सगळं मला खैरुद्दीनने सांगितलं. बाबांनी घरी येऊन फक्त माझा पासपोर्ट डायनिंग टेबलवर ठेवला आणि म्हणाले, "तिकीट काढ." तीन आठवड्यांनी आम्ही एकमेकांशी बोललो ते एवढंच. मी म्हटलं, हात धुवा, वाढते.

शनिवारी साहेबांनी चावी काढून घेतली. नोकरी गेली. पोलिसात देतो म्हणाले होते, पण स्वतःच्या ताब्यातलं कपाट उघडून ज्याचा त्याला पासपोर्ट दिला म्हणून पोलिसात काय देणार, असं कुणीतरी समजावलं असावं. आपले व्हिसा कॅन्सल झाले. सगळं आवरून महिन्याच्या आत निघायचंय. आभा रडली नाही. शेवटचा पेपर देऊन आली आणि स्वतःच्या पुस्तकांवर नाव घालून खोक्यात भरत बसली. मला वाटतं, तिला पुण्यात फार जड जाईल. तुला गेलं तसंच.

आता माझं ऐक. मला तुझा राग आहे. आधीपेक्षा जास्त आहे. तुझ्या बापाने बावन्नाव्या वर्षी नोकरी घालवली, माझं स्वयंपाकघर गेलं, माझ्या बाल्कनीतली कढीपत्त्याची कुंडी हेमाला द्यावी लागली, आणि हे सगळं तू दोन भाषांत तोंड उघडलंस म्हणून. तू खोटं काही बोलला नाहीस, हेही मला माहीत आहे. या दोन्ही गोष्टी माझ्या पोटात एकाच वेळी आहेत आणि एकीने दुसरी कमी होत नाही. तू मोठा झालास, आता तू हे सहन कर. मी करतेय.

सोफा विकला. घेऊन जायला आलेल्या माणसांना मी चहा करेपर्यंत त्यावरच बसवलं होतं. चादर नव्हती टाकली, सगळ्या चादरी बांधून झाल्या होत्या.

आम्ही तिघं शुक्रवारी रात्रीच्या विमानाने मुंबईत उतरतोय. शनिवारी पाडवा. टेम्पोसारखी मोठी गाडी आण, बॅगा पुष्कळ आहेत आणि मिक्सर आभा मांडीवर घेऊन बसणार आहे. पहिल्या रांगेत एक नाही, तीन खुर्च्या ठेव. बाबा येतीलच असं सांगत नाही, पण ठेव. आल्या आल्या त्यांच्या पाया पडायला जाऊ नकोस, त्यांना सुचणार नाही काय करावं. ते बोलणार नाहीत, तूही बोलू नकोस. त्यांच्या हातातली बॅग घे, बास.

घर सांग कुठं, असं तू मला गाण्यात विचारलंयस. कॅम्पातले लोक रोज सकाळी विचारतात. मला माहीत नाही रे. आता तुझ्या त्या एका खोलीत आम्ही चौघं झोपू, मग बघू.

हे पत्र लिहिताना बाबा मागे येऊन उभे राहिले. मी म्हटलं, तुम्हाला काही लिहायचंय का? पेन पुढे केलं. घेतलं नाही. जरा वेळाने म्हणाले, "त्याला लिही, ते गाणं आता बदलावं लागेल. चावी माझ्याकडे नाही." आणि खिशात हात घालून आत निघून गेले. ते रागाने म्हणाले की थट्टेने, इतक्या वर्षांनंतरही मला सांगता आलं नाही. तूच विचार भेटल्यावर. पण गाणं बदलू नकोस. आहे तसं म्हण, त्यांच्यासमोर.

राग अजून गेलेला नाही. तरी आशीर्वाद.

तुझी आई